घरच्या वाटेवरचे अडथळे

आईला घेऊन फ्रँकफर्टहून मुंबईमार्गे नागपूरला येताना आज सर्वांत जास्त थकवा आला तो मुंबईत, दोन विमानांच्या मधल्या वेळेत. परदेशातून आलेल्या प्रवाशाला इमिग्रेशन आणि सीमाशुल्क तपासणी भारतातील पहिल्याच विमानतळावर पूर्ण करावी लागते, त्यामुळे रात्रभराच्या प्रवासानंतर पट्ट्यावरून बॅगा उतरवून घेणे आणि पुढच्या विमानासाठी त्या नव्याने जमा करणे ओघानेच येते. त्यातच आम्ही उतरलो होतो सहारच्या टर्मिनल दोनवर आणि आमचे दुसरे विमान होते सांताक्रूझच्या टर्मिनल एकवरून. दोन्ही टर्मिनलना धावपट्ट्या एकच, पण सहारहून सांताक्रूझच्या बाजूला जायचे ते बाहेरच्या रस्त्याने, शहराच्या वाहतुकीतून. आईची व्हीलचेअर आम्ही उतरलो त्या टर्मिनलच्या दारापर्यंतच होती. दुसरीकडे ती पुन्हा मागून घ्यावी लागली.

एवढे करून पोहोचलो, तर विमानाला उशीर, आणि तो किती हे सांगणारे खिडकीवर कोणी नाही. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास किंवा त्याहून अधिक उशीर होणार असेल, तर प्रवाशांना खाणे-पिणे द्यावे, असा नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियम आहे. मधुमेह असलेल्या आईसाठी मला तो नियम आज स्वतःहून दाखवावा लागला, याचा मला मनापासून राग आला. ज्या वृद्धांसोबत कोणीच नसते, ज्यांना नियम ठाऊक नसतात आणि मोठ्याने मागण्याची सवयही नसते, त्यांना हे कोण देत असेल?