मॅनेजमेंट डिप्लोमाचा अभ्यास: एकच धंदा वर्षभर हाताशी धरा

बिझनेस मॅनेजमेंटच्या व्यावसायिक डिप्लोमाची पुस्तकं चाळली की विषय सोपा वाटतो आणि घोळ तिथूनच सुरू होतो. नियोजन करावं, ग्राहक ओळखावा, माणसं सांभाळावीत... प्रत्येक धड्यानंतर 'हे तर माहीतच होतं' असं वाटत राहतं. मग पहिली असाइनमेंट परत येते. तिच्यावर शेरा असतो: 'वर्णन ठीक, विश्लेषण नाही.' मागच्या बाकावरचा सहाध्यायी ज्या पुस्तकातून लिहितो त्याच पुस्तकातून आपण लिहिलेलं असतं, त्यामुळे दोघांचं उत्तर सारखंच येतं आणि दोघांनाही जेमतेम गुण पडतात.

यावरचा सगळ्यात कामाचा उपाय अगदी साधा आहे. पहिल्याच आठवड्यात एक छोटा धंदा निवडायचा आणि मार्केटिंग, हिशेब, मनुष्यबळ, उत्पादन असे सगळे विषय वर्षभर त्याच धंद्यावर घासायचे. निवडताना तीन गोष्टी बघा: वस्तू किंवा सेवा एकदोनच हव्यात, माणसं दहाच्या आत हवीत आणि थोडी तरी विक्री उधारीवर हवी. जगभर गाजलेल्या कंपनीच्या मोहात पडू नका. तिचा वार्षिक अहवाल शेकडो पानांचा असतो, त्यातले आकडे डझनभर देशांचे एकत्र केलेले असतात आणि एका वस्तूला खर्च किती येतो हे त्यात कुठेच सापडत नाही. खरा धंदा मिळत नसेल तर कल्पनेतला घ्या, पण त्याचे आकडे एकदा ठरवले की मध्येच बदलायचे नाहीत.

इथे उदाहरणाला वह्या बांधणारं एक युनिट घेऊ. वहीची विक्री किंमत ८०. कागद आणि पुठ्ठा मिळून ४०, नगावर मजुरी १०. भाडं, पगार, वीज असा स्थिर खर्च महिन्याला ६०,०००. महिन्याची विक्री २,५०० वह्या, यंत्राची क्षमता ३,०००.

आधी प्रश्नातल्या क्रियापदाबद्दल, कारण निम्मे गुण तिथेच जातात. 'स्पष्ट करा', 'विश्लेषण करा' आणि 'मूल्यमापन करा' ही तीन वेगवेगळी कामं आहेत. मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्गचा प्रेरणेचा सिद्धांत घ्या. १९५९ साली मांडलेल्या या सिद्धांतात पगार, कामाची जागा, देखरेख हे घटक असमाधान टाळतात. यश, जबाबदारी, कौतुक हे घटक प्रेरणा देतात. या दोन याद्या समजावून दिल्या की 'स्पष्ट करा' संपलं. विश्लेषणात त्या याद्या आपल्या युनिटवर आणायच्या. बांधणी करणाऱ्याला नगावर मजुरी मिळते, यंत्र दोन तास बंद पडलं तर त्याची तेवढी मजुरी बुडते, म्हणून इथे यंत्राची देखभाल हा थेट असमाधानाचा घटक ठरतो. भिंतीवर 'महिन्याचा उत्तम कामगार' असा फोटो लावून ते असमाधान भरून निघणार नाही. मूल्यमापनात सिद्धांतालाच तपासायचं. हर्झबर्गने ज्यांच्या मुलाखती घेतल्या ते साधारण दोनशे अभियंते आणि हिशेबनीस होते. त्यांना कामातले चांगले आणि वाईट प्रसंग आठवायला सांगितले होते, आणि माणूस यश स्वतःच्या खात्यावर टाकतो, अपयश परिस्थितीच्या. नगावर मजुरी घेणाऱ्याला तो निष्कर्ष किती लागू पडतो? या प्रश्नाचं कारणांसकट उत्तर म्हणजे मूल्यमापन.

(जाता जाता: माणसाच्या गरजांच्या उतरंडीवरच्या मॅस्लोच्या १९४३च्या मूळ लेखात तो सुप्रसिद्ध पिरॅमिड नाही. तो नंतर इतरांनी काढला. 'मॅस्लोने पिरॅमिड काढला' असं न लिहिणं बरं.)

आता हिशेब. बहुतेकांना हा विषय नकोसा असतो, पण माझ्या मते बाकीच्या विषयांतले गुणही इथूनच येतात. ब्रेक-इव्हन (ना नफा ना तोटा, अशी विक्री) काढताना एका वहीमागे उरतात ८० वजा ५०, म्हणजे ३०. ६०,००० ला ३० ने भागलं की २,००० वह्या. इथपर्यंत सगळेच पोचतात आणि बरेच जण इथेच थांबतात. पुढचा प्रश्न असा असायला हवा: मार्केटिंगच्या असाइनमेंटमध्ये '१० टक्के सवलत द्यावी' असं आपण जे सहज लिहून टाकलं, त्याचं काय होतं? किंमत होते ७२, वहीमागे उरतात २२. ब्रेक-इव्हन जातो २,७२८ वर. (भागाकार २,७२७.२७ येतो. वही पाव विकता येत नाही, म्हणून नेहमी वरचा पूर्ण आकडा.) विक्री २,५०० वरच राहिली तर दरमहा १५,००० चा नफा जाऊन ५,००० चा तोटा येतो. पूर्वीइतकाच नफा हवा असेल तर ३,४१० वह्या विकाव्या लागतील, आणि यंत्राची क्षमता आहे ३,०००. म्हणजे ही सवलत यशस्वी झाली तरी परवडत नाही. एवढ्या चार ओळींत किंमत, खर्च आणि उत्पादन एकमेकांना जोडले गेले. परीक्षक हेच शोधत असतो.

याच ठिकाणी दुसरी हमखास चूक होते. ५० वर ३० चढवले तर मार्कअप ६० टक्के, पण मार्जिन ८० वर मोजायचं, ते ३७.५ टक्के. प्रश्नात कोणता शब्द आहे ते बघूनच आकडा लिहा.

खरी गंमत रोख प्रवाहात आहे. समजा हे युनिट नव्याने सुरू झालंय, गिऱ्हाईक दोन महिन्यांनी पैसे देतं, कागदवाल्याचे पैसे एका महिन्याने द्यायचे, मजुरी आणि स्थिर खर्च त्याच महिन्यात. माल महिन्याला लागेल तेवढाच घेतला जातो. पहिल्या महिन्यात आवक शून्य, जावक ६०,००० अधिक मजुरीचे २५,०००, म्हणजे ८५,०००. दुसऱ्या महिन्यात आवक पुन्हा शून्य, आणि आता मागच्या कागदाचे १,००,००० ही द्यायचे, एकूण जावक १,८५,०००. दोन महिन्यांअखेर खड्डा २,७०,००० चा. नफातोटा पत्रक मात्र ३०,००० नफा दाखवतंय! तिसऱ्या महिन्यापासून २,००,००० येतात, १,८५,००० जातात, दरमहा १५,००० उरतात. या गतीने खड्डा भरायला विसावा महिना उजाडतो.

हे गणित एकदा तरी कागदावर, हाताने करा. स्प्रेडशीटमध्ये केलं की उत्तर मिळतं, पण खड्डा कुठे पडला ते डोळ्यांत भरत नाही. मग एकच गोष्ट बदलून बघा: गिऱ्हाइकाची उधारी दोन महिन्यांवरून एक महिना. दुसऱ्या महिन्यातच २,००,००० येतात आणि सगळ्यात खोल खड्डा २,७०,००० ऐवजी ८५,००० वर थांबतो. विक्री तीच, खर्च तोच, नफाही तोच. खेळत्या भांडवलावरच्या (रोजचा धंदा चालवायला लागणाऱ्या पैशावरच्या) प्रश्नाला यापेक्षा चांगलं उत्तर शोधायला लांब जावं लागत नाही.

रोख प्रवाह आणि नफातोटा यांच्यात गल्लत करून मुलं तीन गोष्टी हटकून चुकतात. घसारा (यंत्र वापरून जुनं होतं त्याची हिशेबात धरलेली घट) जावकेत लिहितात, पण घसाऱ्यापोटी कुणाला पैसे दिलेले नसतात. कर्जाचा अख्खा हप्ता नफातोट्यात टाकतात. तिथे फक्त व्याज जातं, मुद्दल ताळेबंदातलं कर्ज कमी करतं. आणि विक्री झाली त्याच महिन्यात पैसे आले असं धरतात, मग वरचा सगळा खड्डा गायबच होतो.

तेरीज (सगळ्या खात्यांच्या नावे आणि जमा बाजूंचा ताळा) जुळत नाही तेव्हा सगळ्या नोंदी पहिल्यापासून तपासत बसू नका. आधी फरक काढा. त्या रकमेची एखादी नोंद एकाच बाजूला झाली आहे का, ते पहा. मग फरक निम्मा करून पहा: ती रक्कम सापडली तर नोंद बहुधा चुकीच्या बाजूला गेली आहे, नावेची जमेला किंवा उलट. फरकाला नवाने पूर्ण भाग जात असेल तर अंकांची अदलाबदल झाल्याचा संशय घ्या. ५,४६० चे ५,६४० लिहिले तर फरक १८० येतो, नऊ गुणिले वीस. तेरीज जुळली म्हणून निर्धास्तही राहू नका. पूर्ण राहून गेलेली नोंद, वीजबिलाऐवजी भाड्याच्या खात्यात गेलेला खर्च किंवा एकमेकींना झाकणाऱ्या दोन चुका तेरजेत दिसत नाहीत.

स्वॉटवर फार वेळ घालवायची गरज नाही, पण एक भेद पक्का करा. बलस्थानं आणि उणिवा धंद्याच्या आतल्या, संधी आणि धोके बाहेरचे. 'ऑनलाइन विक्री सुरू करणे' ही संधी नव्हे, ती आपली कृती आहे. 'गिऱ्हाईक वह्या ऑनलाइन मागवू लागलंय' ही संधी. पोर्टरची पाच बलं (१९७९; स्पर्धक, नवे येणारे, पर्यायी वस्तू, गिऱ्हाईक आणि पुरवठादार) एका कंपनीला लावायची नसतात, त्या संपूर्ण उद्योगाला लावायची असतात. 'आमचा ब्रँड मजबूत आहे' हे वाक्य तिथे आलं की ओळखावं, गडी वाट चुकला.

प्रोजेक्टसाठी सर्वेक्षण करणार असाल तर प्रश्नावली आधी तीनचार जणांवर चालवून बघा. 'वही स्वस्त आणि टिकाऊ वाटते का?' यात दोन प्रश्न आहेत. 'हो' आलं तर ते कशाला, हे कळत नाही. बारा जणांना विचारून '७५ टक्के ग्राहक' असं लिहू नका, 'बारापैकी नऊ' लिहा. आणि ते बारा जण कसे निवडले तेही सांगा. सगळे मित्रच असतील तर तसंही लिहून टाका. मर्यादा कबूल केल्याने गुण कमी होत नाहीत, लपवलेली मर्यादा तोंडी परीक्षेत मात्र बाहेर येते.

राहिला पुराव्यांचा फोल्डर. कौशल्यावर आधारित मूल्यांकनात एक निकष सुटला तरी अभ्यासक्रमातलं पूर्ण युनिट (विषयाचा भाग) अडकू शकतं, मग बाकीचं काम कितीही देखणं असो. म्हणून असाइनमेंट हातात आल्या दिवशी एक तक्ता करा: डावीकडे प्रत्येक निकष शब्दशः, मध्ये पुरावा काय देणार, उजवीकडे पान क्रमांक. उजवा रकाना रिकामा असेपर्यंत काम संपलं असं समजू नका. पुरावा तुमचाच असल्याचं दिसायला हवं, तो अलीकडचा हवा आणि त्या निकषाशी थेट जोडलेला हवा. बैठकीचं इतिवृत्त जोडताना तारीख, हजर असलेले लोक, ठरलेलं काम, ते कोण आणि कधीपर्यंत करणार, एवढं असलंच पाहिजे. 'चर्चा झाली' एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही. फोटो असेल तर खाली एक ओळ लिहा, त्यात काय दिसतंय आणि ते कोणत्या निकषासाठी आहे.

स्प्रेडशीट छापून जोडताना दोन प्रती काढा. एकीत आकडे, दुसरीत सूत्रं दिसणारी. बेरजेच्या जागी आकडा हाताने टाकला असेल तर तो दुसऱ्या प्रतीत लगेच दिसतो, आणि परीक्षकाच्या आधी तो तुम्हाला दिसलेला बरा.