लाईट येते म्हणजे काय येते?

गेल्या पावसाळ्यात साताऱ्यातल्या घरी एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर इस्त्री आणि पाणी तापवायचा रॉड लावून मी शर्टाची कॉलर दाबत असताना जळक्या प्लॅस्टिकचा वास आला. बोर्डाचा प्लग ओढून पाहिला, तर पितळी पिन हात लावू देईना आणि भिंतीतल्या सॉकेटच्या भोकाभोवती चहाच्या कपाने उमटवावे तसे तपकिरी वलय उमटले होते. चूक सर्वस्वी माझी होती. इस्त्रीवर १००० वॅट आणि रॉडवर १५०० वॅट स्पष्ट छापलेले होते. वॅटला २३० व्होल्टने भागले की अँपिअर मिळतात, हे मला कधीकाळी येत होते. दहावीतल्या मुलीला आजही येते. इस्त्रीचे ४.३ आणि रॉडचे ६.५, म्हणजे ६ अँपिअरच्या सॉकेटमधून मी जवळजवळ ११ अँपिअर ओढत होतो.

मुलगी तेवढ्यावर थांबली नाही. एक अँपिअर म्हणजे सेकंदाला एक कूलोम प्रभार, तेव्हा पाच मिनिटांच्या इस्त्रीत सुमारे १३०० कूलोम वाहिले आणि एका कूलोममध्ये इलेक्ट्रॉन किती, तर सहावर अठरा शून्ये! "एवढे सगळे कोयनेहून आले?" असे तिने विचारले, आणि माझी इस्त्री थांबली.

कोयनेहून एकही आलेला नसतो. गल्लीच्या तोंडाशी असलेल्या डीपीत, म्हणजे ट्रान्सफॉर्मरमध्ये, तारेची दोन वेटोळी एकमेकांना न चिकटता बसलेली असतात आणि त्यांच्यामधून चुंबकीय क्षेत्राखेरीज काहीही पलीकडे जात नाही. इस्त्रीत हलतात ते अलीकडच्याच तारांमधले इलेक्ट्रॉन, तेही सेकंदाला पन्नास वेळा पुढेमागे, केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी कमी अंतरात. म्हणून ते १३०० कूलोम म्हणजे या येरझाऱ्यांची सरासरी बेरीज समजावी. प्रभाराचा सरळ हिशेब इन्व्हर्टरच्या बॅटरीला शोभतो, जिथे १५० अँपिअर-अवर म्हणजे ५,४०,००० कूलोम होतात. बिल मात्र प्रभाराचे येत नाही, ऊर्जेचे येते. आपण पैसे भरतो ते इलेक्ट्रॉनांना ढकलण्याचे.

वायरमनने दुपारी अडीच चौरस मिलिमीटरची जाड वायर ओढून १६ अँपिअरचे सॉकेट बसवले. संध्याकाळी पावसात लाईट गेली. तासाभराने गल्लीत "आली, आली!" असा गलका झाला, आणि त्यात सर्वांत मोठा आवाज आमच्या मुलीचा होता.