लूनर ऑर्बिटर: फिल्मही सरकवावी लागायची

चंद्राभोवती फिरून त्याचे फोटो काढणाऱ्या १९६६-६७च्या पाचही लूनर ऑर्बिटर यानांत ८० आणि ६१० मिमीची भिंगं एकाच ७० मिमी फिल्मवर फोटो टिपत. खरी अडचण वेगाची. १/२५ सेकंद शटर उघडं राहिलं तरी खालची जमीन ५० मीटरहून जास्त सरकते, आणि मोठ्या भिंगाकडून अपेक्षा १ मीटर तपशिलाची! म्हणून वेग-उंचीचं गुणोत्तर मोजून तितकीच फिल्म सरकवत. पहिल्या यानात ही जुळणी चुकली. ६१० मिमीचे फोटो फराटले, ८० मिमीचे चांगले आले.

फिल्म यानातच ओलसर बायमॅट पट्टीला (फिल्म धुण्याच्या रसायनात भिजवलेली पट्टी) दाबून धुतली जाई, वाळवून प्रकाशबिंदूने पट्टी-पट्टी वाचली जाई. माझ्या मते हीच सगळ्यात देखणी करामत.

उजेड मात्र तिरपाच हवा. सूर्य डोक्यावर आला की सावल्या जातात, खळगे सपाट दिसतात.