टोकावरचा मणी

सुवर्णमहोत्सवाचं निमंत्रण आलं तेव्हा कोल्हापूरजवळ शिरोलीला आमच्या वर्कशॉपमध्ये माल पाठवायची गडबड चालली होती. पाकिटावर शाळेचा शिक्का दिसला आणि हातातलं काम तसंच राहिलं. बाकीच्या गुरुजनांवर बाकीचे लिहितीलच. मला शाळेतल्या वर्कशॉपच्या सरांबद्दल लिहायचं आहे, तेही एकाच आठवड्याबद्दल.

शेवटच्या वर्षी प्रदर्शनाच्या तोंडावर लेथची मोटर जळाली आणि रिवाइंडिंगसाठी उद्यमनगरात गेली. आमच्या गटाला सहा क्लॅम्पना चिरा पाडायच्या होत्या. हॅक्सॉने चीर वाकडी जायची. कपाटात एक स्लिटिंग सॉ, म्हणजे चिरा पाडायचं गोल दातेरी पातं, होता, ६३ मिलिमीटर व्यासाचा, १.६ जाडीचा, मधलं भोक १६चं. तो मिलिंग मशीनला बसवायला आर्बर, म्हणजे पातं धरणारा दांडा, मात्र नव्हता. आर्बर गोल, आणि गोल काम लेथचं. मी म्हटलं, "लेथ आल्याशिवाय काय होणार नाही, सर."

सर म्हणाले, "लेथवर काय होतं? काम फिरतं आणि टूल जागेवर असतं. मग आपला मिलिंगचा स्पिंडल फिरत नाही व्हय?" स्पिंडल म्हणजे मशीनचा, कटर धरून फिरणारा उभा दांडा.

आधी रोटरी टेबलवरच्या चकात ३२चा बार उभा धरला आणि टेबल हळूहळू फिरवत एंडमिल कटरने त्याचा शँक, म्हणजे मशीनमध्ये धरायचा भाग, २०ला आणला. अंगठा फिरवला की बारीक पैलू लागायचे. मला ते खटकलं. सर म्हणाले, असू दे. मग तो शँक स्पिंडलच्या कॉलेट नावाच्या पकडीत धरला आणि लेथचं टूल टेबलावरच्या व्हाइसमध्ये उभं आवळलं. टेबल वर घेतलं की टर्निंग, म्हणजे बाहेरून गोल कापणं, आडवं सरकवलं की फेसिंग, म्हणजे तोंड सपाट करणं. इंजिनाच्या कारखान्यांच्या गावात वाढलेला मी, पण मशीन असं उलटं वापरता येतं हे तोवर कुणी दाखवलं नव्हतं.

पहिल्या फेसिंगनंतर तोंडावर मधोमध ज्वारीच्या दाण्याएवढा मणी राहिला. मी कानस घेऊन तो घासायला निघालो. सरांनी मनगट धरलं. "घासू नको. तो काय सांगतोय ते ऐक की."

दहा मिनिटं मला काही सुचेना. त्यांनी सांगून टाकलं नाही, शेजारी स्टूल ओढून बसून राहिले. शेवटी लक्षात आलं, टूलचं टोक स्पिंडलच्या मध्यावर नाही, पुढे-मागे आहे. मी टेबल पुढे-मागे नेणारं हँडल जरासं फिरवलं, मणी बारीक झाला. आणखी जरासं, आणि पुढच्या कटला तो गेला. त्या क्षणाचा आनंद मला आजही शब्दांत मांडता येत नाही.

पुढची चूक माझी. बैठकीचा, म्हणजे पातं बसतं त्या भागाचा, व्यास १६.१० भरला, एक दशांश काढायचा होता. मी हँडलच्या डायलवर एक दशांश दिला. व्यास दुपटीने उतरतो हे घाईत विसरलो. बैठक १५.९०, पातं खुळखुळायला लागलं. दोन दिवसांचं काम गेलं. सरांनी तुकडा खिशात टाकला आणि भंगारातून दुसरा बार काढून दिला. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. त्या शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही दोघं सात वाजेपर्यंत वर्कशॉपमध्ये होतो. घरी त्यांची कोण वाट बघत असेल, हे मी तेव्हा विचारलं नाही.

दुसरा आर्बर जमला. बैठक पात्याच्या जाडीहून कमी, १.४ मिलिमीटरच उंच ठेवली, म्हणजे खालून बोल्टने आवळलेली टोपी बैठकीवर न टेकता पात्यालाच दाबते. ८च्या ॲलन बोल्टसाठी टॅपने आटे पाडले. कापताना पातं मागे ओढलं जातं आणि साधा उजव्या आट्याचा बोल्ट आणखी आवळतो, हेही सरांनी बोटं फिरवून दाखवलं. डगमग मोजणाऱ्या डायलची सुई दोन शतांशाच्या आत राहिली. शँक परत काढून घालताना जागा चुकू नये म्हणून त्यावर आणि स्पिंडलवर पंचाने एकेक ठिपका मारला. ते पैलू का चालले, हे मला तेव्हा उमगलं. शँक पैलूंचा असला तरी जिथे फिरायचं, तिथेच बैठक घडली होती. पात्याची एक बाजू बाहेर असली की तेवढेच दात कापतात आणि टक-टक आवाज येतो. आमचं पातं सलग खर्रर्र करत गेलं. सहाही चिरा सरळ आल्या.

आज माझ्याकडे सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारी मशीन, आहेत, चौदा माणसं आहेत. हव्या त्या मापाचा आर्बर फोनवर मागवता येतो. मुलं हुशार आहेत, पण तोंडावर मणी दिसला की सरळ ग्राइंडर उचलतात. मी स्टूल ओढून बसतो. सरांइतका धीर माझ्याकडे नाही, पाच मिनिटांत सांगून टाकतो. सर गेले तेव्हा मी परगावी होतो, शेवटचं भेटणं झालं नाही.

मागच्या महिन्यात शाळेत जाऊन आलो. मिलिंग मशीन ताडपत्रीखाली आहे, टेबलावर गंज चढलाय. मी आणि माझे दोन ऑपरेटर सुट्टीच्या दिवशी येऊन ते उघडायला तयार आहोत, मुख्याध्यापकांनी फक्त किल्ली द्यावी. आणि आर्बर मशीनमागच्या फळीवर असायचा, तो आता तिथे नाही. कुठल्या बॅचच्या कुणाला सापडला तर कृपया कळवा. शँकवर पंचाचा एक ठिपका आहे.