काळा-पांढरा सूट आणि पंकचं नाटक

गोव्यात राहतो म्हटलं की बाहेरच्यांना वाटतं हा रात्रभर वागातोरच्या किनाऱ्यावर ट्रान्स, म्हणजे पार्टीतलं इलेक्ट्रॉनिक संगीत, ऐकत असणार. मी डिचोलीचा, आणि सध्या माझ्या कानात स्वीडनचं पंक, म्हणजे फास्ट, खरखरीत रॉक, वाजतंय. 'द हाइव्स' हा बँड, २००० साली आलेला 'वेनी विडी व्हिशस' हा अल्बम. बारा गाणी, सगळी मिळून जेमतेम २८ मिनिटं. पणजीच्या बसमध्ये बसून लावला तर म्हापसा यायच्या आत खल्लास!

पहिल्यांदा ऐकलं की वाटतं हे साठच्या दशकातलंच काहीतरी असणार, ती खरखरीत गिटार, ते बोंबलणं, उगाच लांबण लावणं नाही. मग काही शहाणे लगेच म्हणतात की कॉपी आहे, जुन्यांचंच उचललंय. उचललंय ना, पण वाजवतात किती टाइट ते तरी ऐका. 'हेट टू से आय टोल्ड यू सो'मध्ये मधेच सगळं थांबतं आणि एकटी बास गिटार वाजत राहते, आपण वाट बघतोय, आणि मग गायक जो किंचाळतो आणि गिटार परत घुसते, बसमध्ये मान हलवल्याशिवाय राहवत नाही, शेजारची आजी बघते तर बघू दे.

आणि यांचं नाटक तर बघाच. सगळ्यांना सेम काळे-पांढरे सूट. नावं काय, तर हाउलिन पेले, ख्रिस डेंजरस! गाणी म्हणे रँडी फिट्झसिमन्स नावाचा कुणी गुरू लिहून देतो, जो आजवर कुणाला दिसलेला नाही. गायक पेले स्टेजवर येऊन स्वतःच्याच बँडची अशी काही स्तुती करतो की आपल्या जत्रेतल्या दशावतारी काल्यातला राजाच आठवतो, एन्ट्री घेतली की आधी स्वतःची कीर्ती सांगणार. पंक म्हणजे सगळं खरं आणि मनापासून पाहिजे असं मानणाऱ्यांना हे झेपत नाही. मला उलट हेच आवडतं, सोंग आणायचं तर पूर्ण आणा.

हे लोक फागेर्स्ता नावाच्या पोलादाच्या कारखान्यांवर जगलेल्या छोट्याशा गावचे. २०१२ ला आमच्या भागातल्या लोखंडाच्या खाणी बंद पडल्यावर इथली पोरं नाक्यावर कशी बसून असायची ते मी बघितलंय, त्यामुळे असल्या गावात कंटाळा किती येतो ते मला वेगळं सांगायला नको. फरक एवढाच की स्वीडनमध्ये नगरपालिकाच संगीतशाळा चालवतात. आमच्याकडे पेटी-तबल्याचा क्लास पाहिजे तेवढा, ड्रमसेट मात्र कुणाच्या तरी फेस्ताला, म्हणजे चर्चच्या उत्सवातच दिसणार.

अल्बमच्या दुसऱ्या अर्ध्यात दोन-तीन गाणी एकमेकांत मिसळतात हे खरं, कुठलं संपलं कुठलं सुरू झालं कळत नाही. म्हणून 'फाइंड अनदर गर्ल' आलं की बरं वाटतं. ते अमेरिकन गायक जेरी बटलरचं १९६१ चं सोल (कृष्णवर्णीय अमेरिकनांचं भावपूर्ण संगीत) गाणं, इथे जरा दमाने गायलंय. मूळचंही शोधून ऐका, भारी आहे.