कदमत: डाइव्हचे पैसे देण्याआधी प्रेशर गेज वाचायला शिका

लक्षद्वीपमधल्या कदमत बेटाच्या पॅकेजवर ‘स्कूबा समाविष्ट’ (म्हणजे पाठीवरच्या टाकीतली हवा घेत पाण्याखाली पोहणं) लिहिलंय, एवढ्यावर नाशिकमधून आगाऊ पैसे भरू नका. आमच्या वाट्याला आलं ते लगूनच्या, म्हणजे प्रवाळाच्या कड्याआतल्या शांत, तीन-चार मीटर पाण्यात वीसेक मिनिटं, तेही इन्स्ट्रक्टरने टाकी धरून फिरवलेलं. पैसे पूर्ण डाइव्हचे. ही सरळ लूट आहे.

खाली जाण्याआधी गेज (टाकीत किती हवा उरली ते दाखवणारा काटा) वाचा, वर आल्यावर परत वाचा. ॲल्युमिनियमची 11 लिटरची टाकी साधारण 200 बार दाबाला (बार हे दाबाचं एकक) भरतात आणि 50 बार शिल्लक ठेवून वर यायचं असतं. 10 मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट, त्यामुळे हवाही दुप्पट संपते. तरी शांत श्वास घेणाऱ्याला चाळीसेक मिनिटं मिळतात. उथळ पाण्यात त्याहून जास्त. काटा 140 वर असताना वर आणलं, तर तिथेच बोला. बुकिंग करतानाच खोली, पाण्याखालचा वेळ आणि एका इन्स्ट्रक्टरमागे माणसं किती, हे लेखी घ्या. डाइव्हिंगचं सर्टिफिकेट नसेल तर मर्यादा 12 मीटर. रीफबाहेरच्या (प्रवाळाच्या कड्यापलीकडच्या) प्रवाहात कोणी न्यायला निघालं तर नकार द्या.

त्याहून वाईट म्हणजे शेवटच्या सकाळी डाइव्ह आणि दुपारी अगत्तीहून विमान. असं वेळापत्रक बदलून घ्याच. एका डाइव्हनंतर किमान 12 तास, जास्त डाइव्ह झाल्या तर 18 तास विमान नको. विमानात दाब कमी होतो आणि शरीरात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात. ते सांध्यांत, मज्जारज्जूत बसले तर पाय लुळे पडू शकतात. कोचीपर्यंत जहाज आणि तिथून मंगला लक्षद्वीप एक्सप्रेस हा परतीचा मार्ग सगळ्यात चांगला. गाडी एर्नाकुलमहून थेट नाशिक रोडला येते, आणि कसारा घाटाच्या उंचीवर चढेपर्यंत इतके तास गेलेले असतात की नायट्रोजनची काळजी उरत नाही.

लगूनमधली कासवं, पोपटमासे स्नॉर्कलनेही (तोंडात धरायची श्वासनळी) पाण्यावर तरंगत मनसोक्त दिसतात. त्यासाठी टाकीचे पैसे नकोत.

कान दुखायची वाट न बघता खाली जाताना दर अर्ध्या मीटरला नाक दाबून, बंद नाकातच हलकेच फुंका, म्हणजे कानातला दाब सारखा होतो. दुखलंच तर थोडं वर या, जोर लावू नका. सर्दी असेल तर डाइव्ह रद्द. मास्कमधलं पाणी नाकाने फुंकून काढायचा सराव इथल्या पोहण्याच्या तलावावरच करून जा. मिशी असेल तर नाकाखालची वरची कड कापा, नाहीतर मास्क गळतच राहतो.