बर्डीची टेकडी, किल्ला वजा करून

मंडळी, मागच्या खेपेला नागपूरच्या सीताबर्डीची माझी छोटी प्रतिकृती, तिच्यातल्या मोठ्या टेकडीवरची तटबंदी दाखवली होती. बुरूज, कमानीचा दरवाजा, माउंटबोर्डच्या जाड पुठ्ठ्यावर बॉलपेननं दाबून काढलेला एकेक दगड. ती सगळी आता बुटाच्या खोक्यात आहे. तीन रविवार गेले त्यात.

चूक माझीच. पाट (चिमुकल्या शिपायांनी लढाई खेळायची फळी) मांडतोय १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईचा, आणि किल्ला इंग्रजांनी बांधला तो लढाई झाल्यावर. २६ नोव्हेंबरच्या संध्याकाळी आप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेनं गोळीबार सुरू केला, तेव्हा वर होते उघडे खडक आणि त्यांच्या आडोशाला बसलेले रेसिडेन्सीचे, म्हणजे इंग्रज वकिलातीचे शिपाई. हे मला वाचून ठाऊक होतं. पण लहानपणापासून बर्डी म्हटलं की डोळ्यासमोर तो तटच येतो, त्याला काय करणार? बाबांनी येऊन पाहिलं आणि म्हणाले, ‘‘किल्ला कुठं गेला बे? दिवाळीचा असता तरी त्यावर एक महाराज बसवला असता.’’

तर आता नुसती टेकडी. म्हणजे दोन उंचवटे, मधे सखल, अरुंद खांद. लहान टेकडी मोठीपासून बंदुकीच्या टप्प्यात. सगळी लढाई या एका गोष्टीवर फिरली. २७ तारखेला सकाळी भोसल्यांच्या फौजेतल्या अरबांनी लहान टेकडी घेतली आणि तिथून मोठीवर मारा सुरू केला. मग इंग्रजांच्या कॅप्टन फिट्झजेराल्डच्या घोडदळाची धडक झाली, लहान टेकडीजवळ दारूगोळा उडाला, त्या गोंधळात ती टेकडी इंग्रजांनी परत घेतली आणि दुपारपर्यंत लढाई संपली. त्यामुळे खांद चुकली तर बाकी कितीही सुंदर रंगवा, खेळ बसत नाही.

आता मापं. शिपाई १५ मिलिमीटरचे, म्हणजे साधारण शंभरास एक. पाट सहा फूट बाय चार. त्याच मापानं जमीन धरली तर सहा फुटांत १८३ मीटर मावतात, तेवढ्यात तर एका टेकडीचा पायथाही संपत नाही. म्हणून जमीन चारशेस एक धरली. याचा अर्थ पाटावरचं एक घर चार घरांची लांबी आणि चार घरांची रुंदी खातं, एक झोपडी म्हणजे सोळा झोपड्या. बंदुकीचा भरवशाचा टप्पा शंभर यार्ड धरला तर पाटावर २३ सेंटीमीटर येतो. दोन्ही माथ्यांमधलं अंतर मी यावरून ठरवलं आणि एकदा दोरी लावून पाहिली. पहिल्या मांडणीत ते ४१ आलं होतं. कापा पुन्हा.

टेकडी २५ मिलिमीटरच्या एक्सपीएस शीटची, म्हणजे कडक फोमची. मोठीला चार थर, लहानीला तीन. गुळगुळीत उतार दिसायला छान, पण त्यावर शिपायांचे बेस, म्हणजे पायाखालच्या चकत्या, घसरतात. माझे बेस ३० मिलिमीटरचे, म्हणून प्रत्येक थराला ३५ ची पायरी सोडली आणि पायरीची धार चाकूनं वेडीवाकडी तोडली. वरून चाळलेला मुरूम, पातळ फेव्हिकॉल, पुन्हा मुरूम. एक फुकटचा सल्ला: शीटवर स्प्रेचा रंग थेट मारू नका. मी मारला. लहान टेकडीचा माथा डोळ्यांदेखत खाली बसला, मधात मूठभर खड्डा झाला. आता तो तोफेची जागा म्हणून खपवतोय.

दगडाचा रंग हा वेगळा विषय. आपल्यापैकी बरेच जण परदेशी व्हिडिओ पाहून करडा दगड रंगवतात. आपला दगड बेसाल्ट. वरून गंजलेला, तपकिरी, आणि फुटला की काळा. कांद्याच्या पापुद्र्यासारखा सुटत गोल धोंडे होतात त्याचे. २६ जानेवारीला किल्ला लोकांसाठी उघडतात तेव्हा वर गेलो होतो, इमारती बघायच्या सोडून धोंडे बघत फिरलो. घरी येऊन आधी काळा मारला, त्यावर बर्न्ट सियना पाणी घालून, आणि शेवटी मातकट पिवळ्याचा कोरडा ब्रश, तोही फक्त कडांना.

खरी मजा पायथ्याच्या वस्तीत आली. शहराच्या बाजूला टेकडीला लागून झोपड्या होत्या आणि अरबांना आडोसा मिळाला तो त्यांचाच. सध्या अकरा घरं झालीत. सहा गवती, पाच कवेलूंची, म्हणजे कौलांची. हा वाटा माझ्या मनाचा.

गवताला सामान घरीच सापडलं. ऑक्टोबरात कूलर खिडकीतून उतरवला, जुन्या ताट्या काढल्या. नवीन ताटीचं वुडवूल फार पिवळंधम्मक असतं. पण उन्हाळाभर बोअरचं पाणी प्यालेलं तपकिरी होतं आणि टोकांना क्षारांची पांढरी पुटं धरतं. चार पावसाळे खाल्लेलं छप्पर हुबेहूब असंच दिसतं, रंगाचा थेंबही लागत नाही. दीड सेंटीमीटरचे तुकडे कापायचे, खालच्या ओळीपासून वर चिकटवत जायचं, आढ्यावर एक आडवी जुडी. तुकडे चिमट्यानं ठेवा, बोटाला फेव्हिकॉल लागला की छप्पर घराऐवजी बोटावर बसतं. उरलेला चुरा टेकडीवर. नोव्हेंबरात आपल्याकडचं गवत वाळायला लागलेलंच असतं, हिरवी भुकटी तिथे शोभत नाही.

कवेलूंनी मात्र रडवलं. आधी खोक्याचा पन्हाळीचा पुठ्ठा भिजवून सोलला. त्याची एक पन्हळ तीन मिलिमीटरवर, म्हणजे एकेक कवेलू फूटभर रुंद! घर नाही, गोदाम वाटायला लागलं. मग बाबांची जुनी कॉड्रॉय पॅन्ट हाती आली. तिच्या रेघा दीड मिलिमीटरच्या आत. कापड पातळ फेव्हिकॉलमध्ये बुडवून काचेवर वाळवलं, कडक झाल्यावर चार मिलिमीटरच्या पट्ट्या कापल्या आणि खालून वर एकीवर एक चढवल्या. पट्टी जरा तिरपी गेली तर जाऊ द्या, माकडं नाचल्यावर कवेलू सरळ राहतात कुठे? विटकरी रंग, वर तपकिरी शाईचं पाणी, त्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब, म्हणजे शाई रेघांत उतरते. पॅन्टबद्दल बाबांना अजून सांगितलेलं नाही.

बैल राहिलेत. तान्ह्या पोळ्याच्या बाजारात सर्वांत लहान लाकडी बैल घेतला, तो शिपायांशेजारी हत्ती दिसतो. त्याला शोकेसमध्ये ठेवलं आणि एम-सीलचे वळायला घेतले. दोन झालेत, एकाला कुत्रा म्हणतात घरी.

आणि शेवटी दुखणं. पाटाचे चार तुकडे, ५ मिलिमीटर एमडीएफचे. वरून फेव्हिकॉल-मुरूम ओतला तेव्हा ऑगस्ट होता, वाळता वाळता लहान टेकडीचा तुकडा नावेसारखा झाला. कोपरा अर्धा इंच वर, तोही नेमका खांदेच्या जोडावर. एका बाजूनं ओल आणि ओढ असली की हे होणारच, मागची बाजूही त्याच दिवशी फेव्हिकॉलच्या पाण्यानं पुसायला हवी होती. आता मागून ओलं करून उलटा घातलाय, टेकडीला लागू नये म्हणून कडांखाली विटा, आणि वर इन्व्हर्टरची जुनी बॅटरी. काल मोजलं तर कोपरा तीन मिलिमीटरवर आला होता. आठवडाभर बॅटरी हलवायची नाही असं घरात सांगून ठेवलंय.